संशोधनाची भाषा आणि खानदेशाचा वारसा

(जळगाव येथे शिक्षक, शासकीय अधिकारी आणि पंचायत राज्य संस्थांचे सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी आपल्या रोजच्या कामापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. शोधनिबंध कोणत्या भाषेत लिहावेत, ते कोणी छापावेत आणि कोणी वाचावेत, हा विद्यापीठातील मंडळींचा प्रश्न आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या भागात घरी अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली किंवा पावरी बोलली जाते, शाळेत मराठी शिकविली जाते आणि महाविद्यालयात विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते, त्या भागात हा प्रश्न घराघराचा होतो. आपला मुलगा घरी ‘शे’ म्हणतो, शाळेत ‘आहे’ म्हणतो आणि महाविद्यालयात गेल्यावर ‘इज’ म्हणू लागतो. आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांत तो दोनदा भाषेचा उंबरठा ओलांडतो. पुढे संशोधक झालाच, तर त्याच्या गाठी तीन-चार भाषा असतात.

याला आपण अडचण समजतो. माझ्या मते ते भांडवल आहे. ज्ञानप्रकाशनाच्या आजच्या व्यवस्थेत ते जमेच्या बाजूला मांडले जात नाही, एवढेच. ते जमेस कसे धरता येईल, याचा विचार आपण येथे करू. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. खानदेशच्या इतिहासातच या प्रश्नाची दोन मोठी उदाहरणे आहेत.

अमळनेर आणि धुळे : दोन वाटा

अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली. गिरणीच्या भोंग्यावर ज्याचा दिवस चाले अशा एका तालुक्याच्या गावी भारतभरचे तत्त्वचिंतक येऊन राहिले. बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात काही काळ या संस्थेचे संचालक होते. तरुण साने गुरुजीही येथे अध्ययनासाठी आले होते. येथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघत असे. त्यामुळे अमळनेरचे नाव देशोदेशींच्या विद्यापीठांत पोहोचले. पुढे १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नावाने हा वारसा चालविला.

अमळनेरपासून सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर धुळे आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. १९३२ पासून मंडळाचे ‘संशोधक’ हे त्रैमासिक मराठीतून निघू लागले. राजवाड्यांनी गावोगाव फिरून, वाडे आणि माळे धुंडाळून कागदपत्रे मिळविली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि तिचे २२ खंड झाले. इतिहास, व्याकरण, व्युत्पत्ती, समाजशास्त्र या सर्व विषयांवर त्यांनी निश्चयाने मराठीतच लिहिले. ज्या समाजाचा इतिहास, त्या समाजाला तो वाचता आला पाहिजे, ही भूमिका त्यांच्या कार्यातून स्पष्ट दिसते.

या दोन्ही वाटा थोर होत्या आणि दोहोंनाही आपापली किंमत मोजावी लागली. अमळनेरचा विचार परदेशी पोहोचला, पण अमळनेरच्या बाजारपेठेतील माणसाला आपल्या गावी काय लिहिले जात आहे याची फारशी वार्ता नव्हती. उलट, राजवाड्यांचा विचार महाराष्ट्रात घराघरांत चर्चिला गेला, पण मराठी न जाणणाऱ्या विद्वानांना त्याची दारे दीर्घकाळ बंदच राहिली. एका वाटेने ज्ञान जगाला मिळाले आणि शेजाऱ्याला मिळाले नाही. दुसऱ्या वाटेने शेजाऱ्याला मिळाले आणि जगाला मिळाले नाही.

भट्टाचार्यांना या गोष्टीची जाणीव होती. ‘विचारांतील स्वराज्य’ या विषयावर विद्यार्थ्यांपुढे त्यांनी एक भाषण केले होते. परके विचार आपल्या विचारांशी ताडून न पाहता स्वीकारले, तर मनाची गुलामी येते आणि ती राजकीय गुलामीपेक्षा ओळखण्यास अवघड असते, असा त्याचा आशय आहे. हे भाषण त्यांच्या निधनानंतर १९५४ मध्ये प्रथम छापले गेले. १९८४ मध्ये ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ने ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि त्यावर देशातील विद्वानांची चर्चा घडवून आणली. म्हणजे अमळनेरशी दोन परींनी नाते असलेला हा विचार अमळनेरच्याच वारशातून पुन्हा लोकांसमोर आला. मात्र तो इंग्रजीतून आला, हेही नोंदविले पाहिजे. १९७९ मध्ये पुणे विद्यापीठाने ‘परामर्श’ हे मराठी त्रैमासिक सुरू केले, तेव्हा या उणिवेच्या भरपाईस प्रारंभ झाला.

भाषांमधील सेतू

या दोन वाटा जोडणारी माणसेही आपल्याकडे होऊन गेली. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला तो १९७० मध्ये. मराठी वाचकाला इंग्रजी वाचकाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी हा ग्रंथ मिळाला, कारण फ्रेंच आणि मराठी या दोन्ही भाषा उत्तम जाणणारा एक विद्वान त्यासाठी कष्ट घेण्यास तयार होता. साने गुरुजींनी तुरुंगात तमिळ शिकून तिरुक्कुरळ मराठीत आणले आणि पुढे आंतरभारतीची कल्पना मांडली, तीही याच जाणिवेतून.

आजच्या हिशेबाने मात्र अशा कामाला किती गुण मिळतात, हे प्राध्यापक मंडळींना विचारावे. परक्या भाषेतील मूलभूत ग्रंथ आपल्या भाषेत आणण्यास पाच वर्षे लागली, तरी बढतीच्या वेळी त्याचे वजन दोन-तीन इंग्रजी निबंधांच्या तोडीचे धरले जाईल याची शाश्वती नसते. जेथे श्रमाची नोंद होत नाही, तेथे श्रम करणारे हळूहळू कमी होतात.

कागदावर न आलेले ज्ञान

अहिराणीची कथा याहून बोलकी आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात झाली नाही. १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ल बोलींच्या सोबतीने ती झाली. त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्या बोलीचे शास्त्रीय वर्णन वाचायचे तर ते इंग्रजीत वाचावे लागे. डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अहिराणीचे व्याकरण आणि अहिराणी-मराठी शब्दकोश सिद्ध केला. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये मराठीत निघाला. तेव्हा कोठे बोलणाऱ्यांना आपल्या बोलीविषयी आपल्या भाषेत वाचता आले. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक आणि भिली गटातील भाषा सांगणारे १ कोटीहून अधिक लोक होते. ही संख्या लहान नव्हे.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण आपण सर्व जाणता. असोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्यांच्या मुखातून निघालेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने टिपून ठेवल्या नसत्या, तर १९५१ मध्ये त्यांच्याबरोबरच त्या गेल्या असत्या. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये पुस्तक निघाले आणि महाराष्ट्र थक्क झाला. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ज्या विद्यापीठावर निरक्षर कवयित्रीचे नाव आहे, त्याने बोलीत साठलेल्या ज्ञानाला दार उघडे ठेवावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

भाषेच्या अडसराची किंमत

हा प्रश्न केवळ अस्मितेचा नाही. २०२३ मध्ये आठ देशांतील ९०८ पर्यावरण-संशोधकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या नवोदित संशोधकाला इंग्रजी निबंध वाचण्यासच कितीतरी अधिक वेळ लागतो. काहींच्या बाबतीत तो जवळजवळ दुप्पट होतो. केवळ भाषेच्या कारणावरून निबंध परत येण्याचे प्रमाणही अशा संशोधकांत सुमारे अडीच पट होते. म्हणजे विषयाची समज सारखी असूनही एक जण सपाट रस्त्याने चालतो आणि दुसरा चढावाने. खानदेशातील आदिवासी पाड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याला तर हा चढ दोनदा चढावा लागतो. आधी प्रमाण मराठीचा, मग इंग्रजीचा.

अडसराची दुसरी बाजूही आहे. इंग्रजीत नसलेले ज्ञान जगाच्या नजरेतून सुटते. बर्ड फ्ल्यूच्या विषाणूची लागण डुकरांनाही होत असल्याचे चीनमधील संशोधकांनी चिनी नियतकालिकांत प्रसिद्ध केले होते. परंतु भाषेमुळे आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थांचे लक्ष त्याकडे प्रारंभी गेलेच नाही. ही घटना २००४ च्या सुमाराची. पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिली बर्ड फ्ल्यूची साथ उद्भवली, ती नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, म्हणजे आपल्याच खानदेशात. एका गोष्टीमुळे दुसरी घडली असे मी म्हणत नाही. मात्र दूरदेशीच्या भाषेत अडकलेली माहिती आपल्या दाराशी येणाऱ्या संकटाविषयी असू शकते, हे नवापूरच्या कुक्कुटपालकाला वेगळे सांगावयास नको.

शेत आणि दवाखाना

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच केळीच्या पानावर चट्टे पडतात तेव्हा शेतकरी ‘हरण्या’ आला म्हणतो; शास्त्रज्ञ त्यास कुकुंबर मोझॅक विषाणू म्हणतो. पाने करपू लागली की शेतकऱ्याचा ‘करपा’ होतो, शास्त्रज्ञाचा सिगाटोका. या दोन शब्दांतील अंतर मिटविणारा माणस हाच खरा उपयोगी संशोधक. शेतकऱ्याच्या तोंडी असलेले नाव ज्याला ठाऊक आहे, त्याला रोग प्रथम कोणत्या शिवारात आणि कोणत्या हवामानात दिसला हे विचारता येते. ज्याला फक्त शास्त्रीय नाव ठाऊक आहे, त्याला आधी प्रश्न समजावून सांगावा लागतो आणि मग मिळालेले उत्तर समजून घ्यावे लागते.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचेही तसेच. भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत या विकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. यावरील बहुतेक संशोधन इंग्रजीत आहे. परंतु पती आणि पत्नी दोघेही वाहक असल्यास अपत्याला आजार होण्याची शक्यता किती, हे पावरी किंवा भिली बोलणाऱ्या कुटुंबाला त्यांच्या बोलीत समजल्याशिवाय त्या संशोधनाचे सार्थक होत नाही. पाड्यावर हे काम आशा कार्यकर्ती आणि स्थानिक शिक्षक करतात. संशोधकाने गोळा केलेली माहितीही पुष्कळदा त्यांच्याच दुभाषेपणावर उभी असते. निबंध छापताना मात्र त्यांचे नाव आभाराच्या ओळीतही क्वचितच येते.

नियम बदलले आहेत

प्रकाशनाच्या नियमांची वाटचाल थोडक्यात सांगतो. २०१० नंतर प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या प्रकाशनांच्या गुणांशी बांधल्या गेल्या. मागणी वाढली तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवली. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. २०१९ मध्ये ‘केअर’ ही नवी सूची आली. तीत भारतीय भाषांतील नियतकालिकांनाही स्थान होते. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी. साठी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ सूचीही बंद केली आणि योग्य नियतकालिक कोणते हे ठरविण्याची जबाबदारी उच्च शिक्षणसंस्थांवर सोपविली.

याच सुमारास, जानेवारी २०२५ पासून, ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेखाली केंद्र व राज्य शासनांच्या उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके वाचण्यास खुली झाली. वाचनाचे दार उघडले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण आत गेल्यावर भेटणारी भाषा प्रामुख्याने इंग्रजीच आहे. लेखनाचे दार कसे उघडावयाचे, हे आता बऱ्याच अंशी आपल्या हाती आले आहे. दिल्लीची यादी नाही, ही सबब आता उरली नाही.

करण्याजोगी कामे

इंग्रजी सोडावी, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. राजवाड्यांची निष्ठा आणि अमळनेरची व्याप्ती या दोन्ही आपल्याला हव्यात. त्या दृष्टीने काही साध्या सूचना मांडतो.

पहिली सूचना प्राध्यापकांना. खानदेशाविषयी इंग्रजीत छापलेल्या प्रत्येक निबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश तयार करावा आणि तो ज्या गावी माहिती गोळा केली त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे व शाळेकडे पाठवावा. उलट, मराठी निबंधासोबत नेटका इंग्रजी सारांश असावा. मराठी नियतकालिकांनी दोन परीक्षकांकडून तपासणी, संदर्भांची शिस्त आणि निबंधाला कायमचा अंकीय क्रमांक या गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मराठीत लिहिले म्हणून सवलत मागू नये. कसोटी तीच असावी. परीक्षकांनीही आशयाचे दोष आणि भाषेचे दोष वेगळे दाखवावेत. केवळ वाक्य अडखळले म्हणून विचार नाकारू नये.

दुसरी सूचना विद्यापीठाला आणि महाविद्यालयांना. अनुवाद, शब्दकोश, बोलींचे संग्रह आणि परिभाषेचे काम यांना मूल्यमापनात निश्चित स्थान द्यावे. नवोदित संशोधकाचे इंग्रजी लेखन तपासून देणारा भाषा-साहाय्य कक्ष प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात असावा. यंत्रानुवादाची साधने आता हाताशी आहेत, त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसे नमूद करावे. अहिराणी किंवा पावरी यंत्राला अजून नीटशी येत नाही, म्हणून तेथे माणसाला पर्याय नाही.

तिसरी सूचना शिक्षकांना. वर्गातील मुलांच्या बोलीतील शब्द लिहून ठेवावेत. असा शब्दसंग्रह पहिलीच्या मुलाला प्रमाण मराठीत आणण्यास उपयोगी पडतो आणि तोच उद्याच्या संशोधकाचे साधन होतो. पुष्कळ शिक्षकांकडे अशा वह्या असतात. बदली झाली की त्या पेटीत जातात. केंद्रप्रमुखांनी त्या मागवून घ्याव्यात आणि शिक्षकाच्या नावानिशी जतन कराव्यात.

चौथी सूचना पंचायत सदस्यांना. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ही नोंदवही म्हणजे गावाचा स्वतःचा ग्रंथच होय. सातपुड्यातील वनस्पतीचे नाव प्रथम पावरीत किंवा भिलीत, तापीकाठच्या गावात अहिराणीत, मग मराठीत आणि शेवटी शास्त्रीय नाव, अशा क्रमाने ती लिहून घ्यावी. माहिती देणाऱ्या वृद्धांची नावे त्यांच्या संमतीने नोंदवावीत. बाहेरून येणाऱ्या संशोधकाने आपले निष्कर्ष मराठीत किंवा बोलीत ग्रामसभेत सांगावेत, अशी अपेक्षा ग्रामसभेने त्याच्यापुढे मांडावी. तसे मागण्यात गैर काहीच नाही.

अधिकारी वर्गाला एवढेच सांगावेसे वाटते, की शासनाने करविलेल्या पाहण्यांचे अहवाल पुष्कळदा इंग्रजीत कपाटबंद राहतात. अहवाल स्वीकारतानाच मराठी सारांशाची अट घातली, तर वेगळ्या खर्चाची फारशी गरज पडणार नाही.

बंधुभगिनींनो, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरले होते. याच अमळनेरात १९५२ च्या संमेलनाचे अध्यक्षपद भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी यांनी भूषविले होते. गौरवाचे असे प्रसंग येतात आणि जातात. भाषेचा खरा मान तिच्यात नवे ज्ञान लिहिले जाते, तपासले जाते आणि त्या ज्ञानावर वाद घातला जातो, यात असतो. तो मान दिल्लीहून किंवा मुंबईहून येणार नाही. येत्या वर्षभरात आपल्या भागात छापल्या जाणाऱ्या निबंधांपैकी किती निबंधांचे सार त्यांच्या गावी परत पोहोचते, यावरून आपण आपली परीक्षा करू.